महाविद्यालयीन बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षकाकडे नेतृत्वाचे कोणते गुण असावेत?

मांजराकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षण विभागात काम करतो. माझा स्वतःचा खेळ कबड्डीचा. यंदा प्राचार्यांनी मुलांच्या बास्केटबॉल संघाची जबाबदारी माझ्याकडे सोपवली आहे. खेळाचे नियम, मैदानाची मापे, झोन (आपापली जागा राखणे) आणि मॅन टू मॅन (आपापला खेळाडू राखणे) या बचावांतील फरक हे सारे पुस्तकांतून, व्हिडिओंतून आणि ओळखीच्या पंचांकडून शिकून घेता येते आणि ते मी घेतो आहे. अडचण त्यापुढची आहे.

संघात दोन मुले शालेय राज्यस्तरीय स्पर्धा खेळून आलेली आहेत. चेंडू एकदा त्यांच्या हाती गेला की तो दुसऱ्या कोणाकडे सहसा जात नाही. बाकीच्यांपैकी बरीच मुले बारावी होईपर्यंत नीटच्या शिकवण्यांत अडकलेली होती (आमच्या जिल्ह्यात हे वेगळे सांगायला नको) आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला आल्यावरच त्यांनी बास्केटबॉल हातात धरला. त्या दोघांना माझे ऐकावेसे वाटत नाही, कारण खेळ त्यांना माझ्यापेक्षा अधिक येतो. बाकीच्यांना ऐकावेसे वाटते, पण त्या दोघांसमोर त्यांचे हात आखडतात. मी एकदा आवाज चढवून पाहिला, तेव्हा दोन दिवस सरावाला निम्मीच मुले आली.

म्हणून जाणकारांना विचारतो. महाविद्यालयीन पातळीवर जे प्रशिक्षक वर्षानुवर्षे चांगले संघ घडवतात, त्यांच्यात नेमके असे काय असते, आणि ते माझ्यासारख्या दुसऱ्या खेळातून आलेल्या माणसाला अंगी बाणवता येते का? कडक राहावे की मिळून मिसळून असावे? कर्णधार मी ठरवावा की मुलांनी? अमेरिकेतल्या मोठ्या प्रशिक्षकांविषयी थोडेफार वाचले आहे, पण तिथली सोय आणि आमचे एका बाजूला कललेले बोर्ड यांचा मेळ कसा घालावा, हे कळत नाही.

गोदातीर

सर, नमस्कार. मी नांदेडकडच्या एका महाविद्यालयातून क्रीडा संचालक म्हणून निवृत्त झालो आहे. आपण नेतृत्वाविषयी विचारले आहे, पण आपल्या मजकुरात मला धास्ती दिसते ती ज्ञानाची: ज्याला आपल्याहून खेळ अधिक येतो, त्याला आपण काय शिकवणार? तेव्हा आधी त्याविषयीच लिहितो.

प्रशिक्षकाने खेळाडूपेक्षा सरस खेळावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. तसे असते तर पन्नाशीतला कोणताही माणूस विशीतल्या मुलांपुढे शिट्टी घेऊन उभा राहू शकला नसता. मुले प्रशिक्षकाला जोखतात ते एवढ्यावरच की, याच्या सरावाला दोन तास घालवले तर आपला खेळ काल होता त्याहून सुधारतो की नाही. ज्या दिवशी त्यांना तो सुधारलेला दिसतो, त्या दिवसापासून ती ऐकू लागतात, आणि हे राज्यस्तर खेळलेल्या मुलांनाही लागू आहे.

अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलचा विषय निघाला की जॉन वुडन यांचे नाव पहिल्यांदा येते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने, म्हणजे यूसीएलएने, १९६४ ते १९७५ या काळात १० राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि त्यांतली ७ सलग होती. हे आकडे पुष्कळांना पाठ असतात. पण वुडन तिथे आले १९४८ साली, आणि पहिल्या विजेतेपदासाठी त्यांना सोळा हंगाम वाट पाहावी लागली, हे सांगणारे कमी भेटतात. आपण सोयींचा विषय काढलात म्हणून सांगतो: यूसीएलएचे आजचे मोठे क्रीडागृह १९६५ मध्ये उघडले, त्याआधीची दोन विजेतेपदे जुन्या, कोंदट व्यायामशाळेत सराव करूनच मिळाली होती. तिथे शेजारीच जिम्नॅस्टिक्सची आणि कुस्तीची मुले सराव करीत, आणि फरशीवरची धूळ पुसून काढण्याच्या कामाला वुडन स्वतः हात लावीत.

१९७४-७५ च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावाला जाऊन बसले आणि वुडन यांच्या प्रत्येक सूचनेची, उद्गाराची त्यांनी नोंद केली. अशा २,३२६ नोंदी झाल्या. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश नोंदी निव्वळ माहितीच्या होत्या, म्हणजे पाय कुठे ठेवायचा, पास केव्हा सोडायचा, कोणाकडे बघायचे. कौतुक सात टक्क्यांच्या आसपास, आणि नाराजीही तेवढीच. स्फूर्तिदायक भाषणे जवळजवळ नाहीतच. एखादी कृती चुकली की ते आधी ती बरोबर करून दाखवत, मग खेळाडूने कशी केली ते दाखवत, आणि लगेच पुन्हा बरोबर करून दाखवत, आणि हे सारे काही सेकंदांत उरकत. नेतृत्व म्हटले की आपल्याकडे टाइम-आउटमधले, म्हणजे सामना थांबवून घेतलेल्या छोट्या विश्रांतीतले, आवेशाचे बोलणे डोळ्यांपुढे येते, म्हणून हा अभ्यास मला मोलाचा वाटतो.

हंगामाच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंना मोजे आणि बूट कसे घालायचे ते शिकवत. मोज्याला चुणी राहिली तर फोड येतो, फोड आला तर सराव बुडतो, इतके साधे ते गणित होते. आपली मुले धावण्याच्या बुटांवर सिमेंटच्या कोर्टवर खेळतात, तेव्हा ही गोष्ट तर आपल्याला अधिकच लागू होते.

आता आपल्या मैदानाकडे येतो. चौदा मुलांना एका रिंगसमोर रांगेत उभे करून लेअप (धावत जाऊन रिंगजवळून चेंडू टाकणे) मारायला लावणे ही आपल्याकडची नेहमीची पद्धत आहे, आणि शिस्त बिघडण्याचे मूळ मला बऱ्याचदा तिच्यातच दिसले आहे. दहा मिनिटांत एकेकाच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा फेऱ्या येतात आणि बाकीचा वेळ मुले रांगेत एकमेकांना टपल्या मारतात. त्याऐवजी सहा जण रिंगवर, चौघे बाजूच्या रेषेवर जोडीने छातीचा पास आणि टप्प्याचा पास, आणि उरलेले चौघे मैदानाच्या मध्ये बचावाच्या पवित्र्यात सरकण्याचा सराव, अशी वाटणी करून दर सात-आठ मिनिटांनी गट फिरवावेत. वुडन आपल्या सहायकांबरोबर रोज दोन तास बसून सरावाची आखणी करीत आणि मिनिटांनिशी लिहिलेले कार्ड खिशात ठेवत. आपल्याला दोन तास मिळणार नाहीत, पण कागद मात्र खिशात असावा. सर काहीतरी ठरवून आले आहेत, हे मुलांना पहिल्या पाच मिनिटांत कळते.

त्या दोन मुलांसाठी एक उपाय सुचवतो. तीन विरुद्ध तीन असा अर्ध्या मैदानावरचा खेळ लावा, ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणे) पूर्ण बंद ठेवा, आणि पाच पास झाल्याशिवाय बास्केट धरू नका. चेंडू पकडून जागीच उभे राहायचे असल्यामुळे चांगल्या खेळाडूलाही सहकारी मोकळा होण्याची वाट पाहावी लागते. तिथे व्याख्यान देण्याची गरज पडत नाही.

जुना गडी

इथे फार मवाळ सल्ला मिळतो आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आम्ही ज्या सरांच्या हाताखाली खेळलो, त्यांच्या शिट्टीची दोरी पायांवर बसायची. उशिरा येणाऱ्याला मैदानाच्या वीस फेऱ्या, आणि उलट उत्तर दिले तर संघातून नाव कमी. आमचा संघ सलग काही वर्षे विद्यापीठात पहिल्या तिघांत असायचा. आजच्या मुलांना चुचकारत बसले तर ती डोक्यावर बसतात. भीतीवाचून शिस्त नाही, आणि शिस्तीवाचून संघ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतही बॉब नाइट यांच्यासारखे प्रशिक्षक काही गोड बोलून विजेते झाले नव्हते.

परभणीचा पंच

जुन्या गडींनी नाइट यांचे नाव घेतले आहे, तर त्यांची कथा पुरती सांगावी लागेल. इंडियाना विद्यापीठात त्यांनी १९७६, १९८१ आणि १९८७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, आणि १९७६ चा त्यांचा संघ हंगामभर एकही सामना हरला नाही. खेळाची त्यांची जाण अव्वल होती, यात शंका नाही. पण याच नाइट यांनी १९८५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात रागाच्या भरात खुर्ची उचलून मैदानावर फेकली, आणि सरावात एका खेळाडूच्या गळ्याला हात घातल्याची जुनी चित्रफीत पुढे आल्यावर सुरू झालेल्या प्रकरणाचा शेवट २००० साली त्यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात झाला. म्हणजे भीतीच्या बळावर विजय मिळत नाहीत असे म्हणता येत नाही, हे मी मान्य करतो. मात्र नाइट यांच्यापाशी भीतीच्या जोडीला खेळाचे जे ज्ञान होते ते आपल्यापैकी कितीजणांपाशी असते? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फक्त शिट्टीची दोरीच उरते.

आणि कडकपणा म्हणजे भीती नव्हे. वुडन यांच्या संघात बिल वॉल्टन हा त्या काळचा सर्वोत्तम खेळाडू होता, आणि लांब केस ठेवण्याचा आपला हक्क प्रशिक्षकाला नाकारता येणार नाही, असा वाद त्याने घातला. वुडन यांनी तो हक्क शांतपणे मान्य केला आणि संघाला तुझी उणीव भासेल, एवढेच सांगितले. वॉल्टन केस कापून सरावाला हजर झाला. आवाज चढला नाही, दोरी उचलली गेली नाही, पण नियम सर्वांत चांगल्या खेळाडूलाही लागू राहिला. नियम एक आणि तोही सर्वांना सारखा, याहून कडक काय असते? आपल्याकडे उलट घडते: राखीव मुलगा दहा मिनिटे उशिरा आला तर त्याला फेऱ्या, आणि हुकमी खेळाडू अर्धा तास उशिरा आला तर त्याला पाण्याची बाटली.

पंच म्हणून मला प्रशिक्षक दिसतो तो बाकावर. टाइम-आउट फक्त एक मिनिटाचा असतो. त्यातली पंधरा-वीस सेकंदे मुले येऊन पाणी पिण्यात जातात. उरलेल्या वेळात काही प्रशिक्षक मागच्या चार चुकांचा पाढा वाचतात, आणि पुढच्या चढाईत काय करायचे ते न सांगताच वेळ संपतो. चांगला प्रशिक्षक एकच गोष्ट सांगतो, उदाहरणार्थ, "त्यांचा अकरा नंबर डाव्या हाताने जात नाही, त्याला डावीकडेच ढकला," आणि पाठीवर थाप मारून पाठवतो. दुसरी गोष्ट म्हणजे पंचांशी वागणूक. प्रशिक्षकाच्या स्वतःच्या गैरवर्तनाबद्दल दोन तांत्रिक फाउल झाले की त्याला मैदान सोडावे लागते, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. पण त्याआधीच नुकसान होऊन गेलेले असते, कारण प्रशिक्षक माझ्याकडे बघून ओरडू लागला की त्याची पाचही मुले बचाव सोडून माझ्याकडे बघू लागतात, आणि समोरचा संघ तेवढ्यात सोपे बास्केट करून जातो. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता आश्चर्य वाटत नाही.

जुना गडी

वॉल्टनचे उदाहरण पटले. दोरीचा आग्रह मागे घेतो, फेऱ्यांचा नाही.

तेरणेची लेक

नमस्कार. मी धाराशिव जिल्ह्यातली, विद्यापीठ संघाची माजी खेळाडू, आणि आता एका कनिष्ठ महाविद्यालयात मुलींना शिकवते. सगळी चर्चा मुलांच्या संघाभोवती चालली आहे म्हणून थोडे सविस्तर लिहिते. प्रश्नकर्त्या सरांना पुढे मुलींचा संघही मिळणारच आहे.

पॅट समिट १९७४ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या, तेव्हा त्या २२ वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या काही खेळाडू जेमतेम एका वर्षाने लहान होत्या. खेळाडूंचे गणवेश त्या स्वतः धूत आणि संघाची गाडीही स्वतः चालवत. २०१२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांच्या नावावर १,०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदे जमा झाली. पण मला त्यांची वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. वर्ग बुडवायचा नाही आणि वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचे, असा त्यांचा दंडक होता, आणि ज्या मुलींनी त्यांच्या संघात आपला पूर्ण काळ खेळून काढला, त्या सर्व पदवीधर झाल्या.

आपल्या भागात हा मुद्दा शोभेचा नाही. मुलीला खेळायला पाठवायचे की नाही, हे घरी ठरते, आणि घरचे प्रशिक्षकाला तीनच गोष्टी विचारतात: अभ्यास बुडणार नाही ना, अंधार पडायच्या आत परत येईल ना, आणि बाहेरगावी सोबत बाई माणूस असेल ना. या तिन्हींची उत्तरे ज्याच्यापाशी तयार आहेत, त्याच्याकडे संघ उभा राहतो. शेवटच्या एसटीची वेळ पाहून सराव ठरवणारे सर आम्हाला लाभले होते. औशाकडच्या, कळंबकडच्या मुलींची गाडी सुटणार असेल तर ते खेळ मध्येच थांबवत, मग रंगात आलेला असला तरी. त्यामुळे आमच्यापैकी कोणाच्याही वडिलांनी त्यांना कधी नाही म्हटले नाही. याला कोणी नेतृत्वगुण म्हणेल की नाही ठाऊक नाही, पण बारा मुली मैदानावर दिसत होत्या त्या यामुळेच.

दुसरी गोष्ट शरीराची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. माझ्याबरोबर एक मुलगी होती, उंच, हात लांब, रिबाउंडला, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू झेलण्यात, तिच्यासारखी दुसरी कोणी नव्हती. दुसऱ्या सत्रात ती चालल्यासारखी धावायची. आधीच्या प्रशिक्षकाने तिला सर्वांदेखत आळशी ठरवले होते. नव्या सरांनी तिला बाजूला नेऊन सकाळी काय खाऊन येतेस ते विचारले, तेव्हा कळले की ती चहा पिऊन येते आणि थेट दुपारी जेवते. ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासले तर ते आठच्या खाली निघाले. गोळ्या सुरू झाल्या, सरावानंतर गूळ-शेंगदाणे सगळ्यांनाच मिळू लागले, तिला एकटीला नाही, म्हणजे तिला कोणी चिडवायला नको. पुढच्या हंगामात ती पूर्ण सामना खेळत होती. विचारण्याआधी निष्कर्ष काढायचा नाही, हा गुण मी कोणत्याही डावपेचाच्या वर ठेवेन.

बाहेरगावी संघ जातो तेव्हा खोल्या कोणी कोणाबरोबर घ्यायच्या, हेही प्रशिक्षकानेच ठरवावे. मुलांवर सोडले की गाव, जात, जुनी ओळख यांप्रमाणे कोंडाळी होतात आणि ती दुसऱ्या दिवशी पासमध्ये दिसतात. गोदातीर सरांनी वुडन यांच्याविषयी लिहिले, त्यात एक भर घालते. यूसीएलएला येण्याआधी ते इंडियानातल्या एका शिक्षक महाविद्यालयाचे प्रशिक्षक होते. १९४७ मध्ये त्यांच्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले, पण त्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती आणि संघात क्लॅरेन्स वॉकर हा कृष्णवर्णीय मुलगा होता. वुडन यांनी निमंत्रण नाकारले. पुढच्या वर्षी बंदी उठली, तेव्हा ते वॉकरसह गेले. वॉकर काही संघातला हुकमी खेळाडू नव्हता, म्हणून मला ही गोष्ट अधिक मोठी वाटते.

जवळचे उदाहरण हवे असेल तर खो-खोतले घ्या. आमच्या धाराशिवच्या सारिका काळे भारतीय महिला संघाच्या कर्णधार झाल्या आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. दुष्काळी जिल्ह्यातून अशा खेळाडू घडतात, तेव्हा वर्षभर एकही सुटी न घेता मैदानावर येणारे कोणीतरी त्यामागे असतेच.

मांजराकाठ

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. गोदातीर सरांनी सुचवलेला ड्रिबल बंदचा खेळ या आठवड्यात लावला. पहिल्या दिवशी दोघेही वैतागले, पण त्यांतला एक जण दुसऱ्या दिवशी नव्या मुलाला पिव्हट (एक पाय रोवून जागीच वळणे) कसा घ्यायचा ते स्वतःहून दाखवत होता. दुसरा अजून फुरंगटलेला आहे. शिवाय मी त्याला विश्रांतीसाठी बाहेर बसवले की त्याला तो अपमान वाटतो, आणि दमलेला असूनही तो कबूल करत नाही. कर्णधाराचा प्रश्न राहिला आहे. आणि एक व्यावहारिक शंका: प्राचार्यांची अपेक्षा पहिल्याच वर्षी निकालाची आहे. त्यांना काय सांगावे?

गोदातीर

सर, पहिला बदलला आहे तर दुसऱ्यासाठी घाई करू नका. बाहेर बसण्याच्या अपमानावर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी एक सुंदर तोड काढली होती. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करून खूण करायची, की त्याला लगेच बाहेर घेतले जाई, आणि विश्रांती झाली की पुन्हा आत जाण्याची वेळ तो स्वतः ठरवी. मात्र प्रशिक्षकाला तो दमल्याचे आधी दिसले आणि त्यांनी त्याला बाहेर काढले, तर परत कधी पाठवायचे ते प्रशिक्षक ठरवत. दमलो असे म्हणणे त्यामुळे कमीपणाचे राहिले नाही, उलट फायद्याचे झाले. स्मिथ यांचीच दुसरी पद्धत अशी की, बास्केट करणाऱ्याने पास देणाऱ्याकडे बोट दाखवून त्याचे आभार मानायचे. आज जगभरची मुले ते करतात, पण नियम म्हणून ते आपल्या संघात लावून बघा. ज्याच्याकडे कोणीच बोट दाखवत नाही, त्याला काही दिवसांत ते जाणवू लागते. स्मिथ तिथे १९६१ ते १९९७ पर्यंत होते, ८७९ सामने जिंकले, आणि २०१५ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे त्यांच्या जुन्या खेळाडूंपैकी प्रत्येकाला २०० डॉलरचा धनादेश पोचला, बाहेर छान जेवण करा या निरोपासह. यादीत मायकेल जॉर्डनही होता आणि ज्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत असे राखीव खेळाडूही होते.

कर्णधाराविषयी माझे मत आहे की, पहिल्या वर्षी तो आपणच नेमावा, कारण मुलांनी निवडला तर ती उत्तम खेळाडूला निवडतात, आणि आपल्याला हवा आहे तो बाकीच्यांशी बोलणारा. नव्या मुलाला पिव्हट शिकवणारा आपल्या डोळ्यांसमोर आहेच. पण लगेच नाव जाहीर करू नका. दोन-तीन मैत्रीपूर्ण सामन्यांत वेगवेगळ्या मुलांना कर्णधार करून पाहा, तोवर फुरंगटलेल्यालाही संधी राहते.

प्राचार्यांना सांगण्यासाठी माइक शिशेव्स्की यांची नोंद उपयोगी पडेल. ते १९८० मध्ये ड्यूक विद्यापीठात आले. दुसऱ्या हंगामात १० विजय आणि १७ पराभव, तिसऱ्यात ११ आणि १७. त्यांना काढा म्हणून माजी विद्यार्थी मागे लागले होते, पण विद्यापीठाने त्यांना ठेवले. पहिले विजेतेपद १९९१ मध्ये आले, पुढे आणखी चार आली, आणि २०२२ मध्ये १,२०० हून अधिक विजयांनिशी ते निवृत्त झाले. गंमत म्हणजे हे शिशेव्स्की सैनिकी अकादमीत बॉब नाइट यांच्याच हाताखाली खेळलेले. जुन्या गडींनी याची नोंद घ्यावी. अर्थात प्राचार्यांना एवढ्यावर समाधान वाटणार नाही. त्यांच्यापुढे निकालाऐवजी दर महिन्याला दोन गोष्टी ठेवा: सरावाची हजेरी आणि फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या बिनविरोध फेकीची) टक्केवारी. दोन्ही वहीत मांडता येतात, दोन्ही वाढलेल्या दिसतात, आणि संस्थेला कागद आवडतो. पात्रता अर्जही आतापासून पूर्ण करून ठेवा. गुणपत्रिकेची प्रत नाही म्हणून चांगला खेळाडू ऐन वेळी बाहेर राहिला, तर मुलांचा आपल्यावरचा विश्वास हरलेल्या सामन्याहून अधिक खचतो.

मांजराकाठ

मूठ वर करण्याची पद्धत उद्यापासूनच सुरू करतो. पंच साहेब, एक शेवटची शंका. पूर्वार्धात न वापरलेले टाइम-आउट उत्तरार्धात मिळतात का? आमच्या मैत्रीपूर्ण सामन्यात यावरून वाद झाला.

परभणीचा पंच

मिळत नाहीत. पूर्वार्धात दोन, उत्तरार्धात तीन, आणि त्या तिनांपैकी शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोनच वापरता येतात. म्हणजे चौथ्या सत्राचे घड्याळ दोन मिनिटांवर येण्याआधी एक घेतला नाही तर तो वाया जातो. टाइम-आउट मुख्य प्रशिक्षकाने किंवा पहिल्या सहायकाने गुणलेखकाकडे मागायचा असतो, खेळाडूने पंचाकडे पाहून हातांनी टी केला तरी तो धरला जात नाही. आणि एका वेळी दोघांपैकी एकालाच उभे राहता येते, तेव्हा सहायक नेमणार असाल तर त्याला हे आधी सांगून ठेवा.